अँटिबायोटिक चालू असताना दारू : पट्टीवरचे नाव वाचून निर्णय कसा घ्यावा

औषधाच्या दुकानात गोळ्या घेऊन झाल्यावर, पैसे देता देता, आवाज थोडा खाली आणून विचारला जाणारा एक प्रश्न ठरलेला आहे : "यावर थोडी घेतली तर चालेल ना?" डॉक्टरांसमोर तो विचारायचा संकोच वाटतो, कारण सोबत बायको किंवा वडील बसलेले असतात. दुकानदारही बहुधा "अजिबात नाही" एवढेच सांगून मोकळा होतो. हे उत्तर सुरक्षित असले तरी पूर्ण खरे नाही, आणि त्याचा एक तोटा नेहमी दिसतो. "गोळी आणि दारू एकत्र चालत नाही" एवढेच ज्याच्या डोक्यात बसलेले असते, तो शनिवारी रात्री दारू न सोडता गोळी सोडतो. अर्धवट घेतलेल्या कोर्समुळे होणारे नुकसान हे कित्येकदा त्या एका पेगमुळे होऊ शकणाऱ्या नुकसानापेक्षा मोठे असते.

म्हणून "अँटिबायोटिकवर दारू चालते का" या प्रश्नाला एकच उत्तर देण्यात अर्थ नाही. अँटिबायोटिक म्हणजे एक औषध नव्हे. डझनावारी वेगवेगळ्या रसायनांना आपण हे एकच नाव दिले आहे. त्यांपैकी थोड्यांचे दारूशी उघड वैर आहे, काहींचे वैर यकृताच्या मार्गाने हळूहळू प्रकट होते, आणि पुष्कळांचे दारूशी थेट असे काही भांडणच नाही. आपली गोळी यांपैकी कोणत्या गटात बसते, हे पाहण्याची सुरुवात पट्टीपासून करावी.

आधी पट्टी उलटून पाहा

ठळक अक्षरांतले व्यापारी नाव येथे फारसे कामाचे नाही. त्याच्याजवळ औषधाचे मूळ नाव आणि प्रत्येक घटकाचे मिलिग्रॅममधील प्रमाण दिलेले असते, ते वाचावे. आपल्याकडे एका गोळीत दोन औषधे असणे अगदी सर्रास आहे, त्यामुळे एक नाव ओळखीचे दिसले म्हणून थांबू नये. पावसाळ्यात पोट बिघडल्यावर घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचेच उदाहरण घ्या. नॉरफ्लॉक्सॅसिन किंवा ऑफ्लॉक्सॅसिन हे त्यांतील पहिले नाव असते, आणि त्याला जोडून टिनिडॅझोल किंवा ऑर्निडॅझोल असते. व्यापारी नावाच्या शेपटीला लावलेली "टीझेड" किंवा "ओझेड" ही अक्षरे याच दुसऱ्या घटकाची खूण असतात, आणि दारूच्या बाबतीत खरी अडचण त्या शेपटीत असते.

कापलेल्या पट्टीवर नाव उरले नसेल तर दुकानदाराकडून ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे. चार गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून मिळाल्या असतील आणि त्यांची नावे कोणालाच सांगता येत नसतील, तर त्या सगळ्या धोक्याच्या गटातल्या आहेत असे धरून चालावे. याहून शहाणपणाचा दुसरा मार्ग माझ्या माहितीत नाही.

"झोल"वाल्या गोळ्या : येथे थांबायचेच

मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल, सेक्निडॅझोल आणि ऑर्निडॅझोल ही एकाच कुळातली औषधे. आव, जिआर्डियाचे जुलाब, हिरड्यांचा व दाढेचा संसर्ग, योनीमार्गाचे काही संसर्ग आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरची काळजी अशा अनेक कारणांसाठी ती दिली जातात. नावाच्या शेवटी "झोल" आले की झाले, असे मात्र नाही. अॅसिडिटीवरचे पँटोप्राझोल आणि जंतांवरचे अल्बेंडाझोल यांची कुळे वेगळी आहेत. त्यामुळे "निडॅझोल" हा पूर्ण तुकडा लक्षात ठेवावा.

या कुळाबद्दलची भीती समजून घ्यायची तर दारू शरीरात कशी मोडते ते पाहावे लागते. यकृत प्रथम अल्कोहोलचे अॅसिटाल्डिहाइड करते आणि मग दुसरे एक विकर (एन्झाइम) त्या अॅसिटाल्डिहाइडचे निरुपद्रवी अॅसिटेट करते. हे दुसरे विकर अडवले गेले की अॅसिटाल्डिहाइड रक्तात साचते. मग चेहरा व मान लालबुंद होते, डोके ठणकते, छातीत धडधड होते, मळमळून उलट्या होतात, रक्तदाब उतरतो आणि घाम फुटून माणूस गळून जातो. व्यसनमुक्तीसाठी दिले जाणारे डायसल्फिराम मुद्दाम हेच घडवून आणते. १९४८च्या सुमारास डेन्मार्कमधील संशोधकांनी त्याचा हा उपयोग पुढे आणला. मेट्रोनिडॅझोल घेणाऱ्या काही रुग्णांना दारू प्यायल्यावर असाच त्रास झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात येत गेल्या, आणि तेव्हापासून दारू टाळण्याची सूचना औषधाच्या माहितीपत्रकात कायमची बसली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २००२ साली फिनलंडमधील संशोधकांनी बारा निरोगी पुरुषांवर केलेल्या नियंत्रित चाचणीत निम्म्यांना पाच दिवस मेट्रोनिडॅझोल आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी देऊन मग सगळ्यांना अल्कोहोल दिले, तेव्हा अशी प्रतिक्रिया दिसली नाही आणि रक्तातील अॅसिटाल्डिहाइडही वाढले नाही. पुढे २०२१च्या लैंगिक संसर्गांवरील मार्गदर्शक तत्त्वांत अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने मेट्रोनिडॅझोल घेताना दारू टाळणे आवश्यक नसल्याचे म्हटले. दुसरीकडे त्याच देशातील औषधाचे अधिकृत माहितीपत्रक कोर्स संपल्यावरही किमान तीन दिवस दारू टाळायला सांगते. म्हणजे तज्ज्ञांतही एकमत नाही. माझे मत पथ्याच्या बाजूने आहे. औषध घेतलेल्या सहा निरोगी पुरुषांना त्रास झाला नाही, यावरून जुलाबाने कोरड्या पडलेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला तो होणार नाही असे ठरत नाही. शिवाय सोडायचे काय, तर आठवडाभराची दारू.

तास मोजा, दिवस नव्हे

"शेवटची गोळी काल झाली, आज मोकळा" हा हिशेब चुकीचा असतो. मेट्रोनिडॅझोलचे रक्तातील प्रमाण साधारण आठ तासांत निम्मे होते. म्हणजे चोवीस तासांनंतर सुमारे आठवा हिस्सा उरतो आणि अठ्ठेचाळीस तासांनंतर दोन टक्क्यांहूनही कमी. टिनिडॅझोलला निम्मे व्हायला बारा ते चौदा तास लागतात, त्यामुळे त्याच्या बाबतीत तीच पातळी गाठायला तीन दिवस जातात. यावरूनच मेट्रोनिडॅझोलनंतर किमान ४८ तास आणि टिनिडॅझोलनंतर ७२ तास थांबण्याची सूचना काही ठिकाणी केली जाते. सेक्निडॅझोल आणखी रेंगाळते. ज्यांचे यकृत आधीच दुखावलेले आहे त्यांच्या शरीरातून मेट्रोनिडॅझोलही सावकाश बाहेर पडते. म्हणून मी तरी या सगळ्या कुळाला सरसकट तीन पूर्ण दिवस लावतो. प्रत्येक औषधाचा वेगळा आकडा लक्षात ठेवण्यापेक्षा ते सोपे जाते.

हा हिशेब आपल्याकडे सर्वाधिक चुकतो तो गटारीला. आषाढ संपत आलेला असतो, पाणी गढूळ झालेले असते, जुलाबाची साथ असते आणि श्रावण लागण्याआधीचा रविवार तोंडावर असतो. समजा, नॉरफ्लॉक्सॅसिन-टिनिडॅझोलची शेवटची गोळी शुक्रवारी रात्री नऊ वाजता घेतली. रविवारी दुपारी एक वाजता मटणाचे ताट समोर येईल तेव्हा चाळीसच तास झालेले असतील, आणि ७२ तास पुरे होतील ते सोमवारी रात्री नऊला. म्हणजे या गटारीला मटण चालेल, ग्लास नाही. खरे तर नुकत्याच सावरणाऱ्या पोटाला ते मटणही जपूनच द्यावे, पण तो वेगळा विषय झाला.

दारूशी वैर असलेली आणखी काही औषधे

सेफोपेराझोन हे इंजेक्शन, बहुधा सल्बॅक्टमसोबत, रुग्णालयात शिरेतून दिले जाते. त्याच्या रेणूतील एक बाजूची साखळी अॅसिटाल्डिहाइड मोडणाऱ्या विकराला अडवते, आणि येथे पुरावा मेट्रोनिडॅझोलपेक्षा पक्का आहे. रुग्णालयात असताना कोणी पीत नाही. धोका असतो तो घरी सोडल्याच्या रात्री, "बरा होऊन आला" म्हणून मित्र जमतात तेव्हा. त्यामुळे डिस्चार्ज कार्डावर कोणती इंजेक्शने कोणत्या तारखेपर्यंत दिली ते पाहावे आणि शेवटच्या इंजेक्शनपासून तीन दिवस मोजावेत.

लिनेझोलिडचे प्रकरण वेगळे आहे. ते शरीरातील मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला काही प्रमाणात रोखते, आणि त्यामुळे आंबवलेल्या व मुरवलेल्या पदार्थांतील टायरामिन हे द्रव्य न मोडता रक्तदाब एकदम चढू शकतो. नळाची बिअर आणि रेड वाइन यांत टायरामिन असू शकते. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या उपचारात लिनेझोलिड महिनोन्महिने चालते, तेव्हा हे पथ्य आठवड्याचे नसून दीर्घकाळाचे असते. त्याच उपचारात सायक्लोसेरीन असेल तर दारूबरोबर फिट येण्याचा धोकाही वाढतो.

बुरशीवरच्या गोळ्या या खऱ्या अर्थाने अँटिबायोटिक नव्हेत, पण लोक त्यांना तेच म्हणतात म्हणून येथे नोंद करतो. नायट्यासाठी दिल्या जाणाऱ्या ग्रिझिओफुल्व्हिनवर दारू घेतल्यास चेहरा लाल होणे व धडधड होऊ शकते, तर टर्बिनाफिन आणि केटोकोनाझोल यकृतावर भार टाकतात.

यकृताच्या वाटेने येणारा धोका

क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचारात आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही यकृताला इजा करू शकणारी तीन औषधे सुरुवातीचे दोन महिने एकत्र चालतात आणि त्यांपैकी पहिली दोन पुढचे चार महिनेही. या सहा महिन्यांत दारू पूर्ण बंद असावी. येथे प्यायल्यावर तासाभरात काही होत नाही, म्हणून माणसाचा धीर चेपतो. मग काही आठवड्यांनी भूक जाते, मळमळते, लघवी गडद पिवळी होते आणि डोळे पिवळे दिसू लागतात. तोवर उपचार थांबवण्याची वेळ आलेली असते, आणि क्षयाचा उपचार मध्येच थांबणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात तो आजार येऊन गेला आहे त्यांना सांगावे लागत नाही. अशी लक्षणे दिसली तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

डॉक्सीसायक्लिनबाबतची गोष्ट उलट दिशेची आहे. मुंबईत दर पावसाळ्यात, साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांनी लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने ही गोळी घ्यावी, असे आवाहन महापालिका करते. जे वर्षानुवर्षे रोज पितात त्यांचे यकृत हे औषध लवकर मोडून टाकते, आणि ते रक्तात पुरेसा वेळ टिकत नाही. त्रास काही जाणवत नाही, पण औषध कमी पडते. रोज पिणाऱ्याने ही सवय डॉक्टरांना सांगितली तर त्यांना डोस त्यानुसार ठरवता येतो.

ज्यांचे दारूशी थेट भांडण नाही

अमॉक्सिसिलिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, अॅझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम आणि नायट्रोफ्युरँटॉइन यांची अल्कोहोलशी महत्त्वाची थेट प्रतिक्रिया होत नाही. या गोळ्या चालू असताना लग्नाच्या जेवणात ग्लासभर वाइन घेतली गेली तर घाबरून पुढचा डोस टाळायचे कारण नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन व लिव्होफ्लॉक्सॅसिनने मात्र मुळातच काहींना गरगरते आणि मधुमेहींची साखर वरखाली होते. दारूही साखर उतरवते, त्यामुळे साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा तिहेरी योग टाळावा.

थेट भांडण नाही याचा अर्थ दारू प्यावी असा होत नाही. ताप असताना शरीरातील पाणी आधीच कमी झालेले असते आणि दारूने लघवी वाढून ते आणखी घटते. झोप तुटक लागते, आणि पोटात मळमळ झाली तर ती गोळीची की ग्लासची हे कळत नाही.

त्याच चिठ्ठीवरच्या बाकीच्या गोळ्या

या भागाकडे फार कमी लोक पाहतात. दाढ काढल्यावरची नेहमीची चिठ्ठी आठवा : अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, मेट्रोनिडॅझोल, पित्ताची गोळी आणि दुखण्यासाठी अॅसिक्लोफेनॅक व पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी. यातले मेट्रोनिडॅझोल वगळले तरी अॅसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनबरोबर दारू म्हणजे जठरातून रक्तस्राव होण्याचा वाढीव धोका, आणि रोज पिणाऱ्याला जास्त मात्रेत पॅरासिटामॉल म्हणजे यकृताला धोका. सर्दी-खोकल्याच्या चिठ्ठीत सेटिरिझिन किंवा कोडीनयुक्त सिरप असेल तर दारूबरोबर गुंगी वाढते, आणि अशा वेळी दुचाकीवरून घरी जाणे जिवावर बेतू शकते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन घेणाऱ्यांचे रक्त मेट्रोनिडॅझोल व को-ट्रायमॉक्सॅझोल यांमुळे आणखी पातळ होते. त्यात दारूची भर पडली तर हिशेबच राहत नाही.

बाटलीवर "दारू" लिहिलेले नसते तेव्हा

बाळंतिणीला दशमूलारिष्ट देण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि प्रसूतीनंतर, विशेषतः सिझेरियन झाले असेल तर, मेट्रोनिडॅझोल दिले जाण्याची शक्यताही बरीच असते. आसवे आणि अरिष्टे ही आंबवून केलेली औषधे असल्यामुळे त्यांत अल्कोहोल आपोआप तयार होते. बाटलीवर बारीक अक्षरांत त्याची टक्केवारी दिलेली असते. दहा टक्के धरले तर वीस मिलिलिटरच्या एका मात्रेत सुमारे दीड ग्रॅम अल्कोहोल जाते. ते ६० मिलिलिटर व्हिस्कीच्या पेगमधल्या सुमारे २० ग्रॅमच्या तुलनेत किरकोळ असले तरी "निडॅझोल" कुळातल्या गोळ्या चालू असेपर्यंत आणि नंतरचे तीन दिवस अशोकारिष्ट, द्राक्षासव, कुमारी आसव वगैरे थांबवलेले बरे. आठवडाभर खंड पडला म्हणून त्या औषधाचे काही बिघडत नाही. काही खोकल्याची सिरपे, टॉनिके, होमिओपॅथीची थेंबांची औषधे आणि तोंड धुण्याची द्रावणे यांतही अल्कोहोल असते. हातावर लावलेल्या सॅनिटायझरची मात्र काळजी करू नये.

नीरा ताजी असेल तर ती दारू नव्हे, पण उन्हात तासन्‌तास राहिलेली नीरा ही ताडीच समजावी. गोव्यात उर्राक फेणीपेक्षा सौम्य असते म्हणून ती "चालते" असा समज दिसतो, पण सौम्य म्हणजे अल्कोहोलविरहित नव्हे. बिअरचेही तसेच. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे साठचे दोन पेग.

आधीच प्यायली असेल तर

गोळी घेतल्यानंतर किंवा आधी दारू घेतली गेली आणि मग पट्टीवरचे नाव लक्षात आले, तर ग्लास तेथेच ठेवावा, पाणी प्यावे आणि एकटे राहू नये. प्रतिक्रिया व्हायची असेल तर बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुरू होते आणि काही तासांत ओसरते. चक्कर आल्यास आडवे होऊन पाय उशीवर ठेवावेत. उलटी होत असेल तर कुशीवर झोपावे. छातीत दुखणे, दम लागणे, शुद्ध हरपणे किंवा न थांबणाऱ्या उलट्या झाल्यास १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि गोळीची पट्टी बरोबर न्यावी. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वासाला घरघर लागली तर ती दारूची प्रतिक्रिया नसून औषधाची अॅलर्जी असू शकते, आणि तिच्यासाठी घरी थांबून पाहू नये.

निरोगी माणसाचे यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल मोडते. क्वार्टरमध्ये ६० ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे रात्री बाराला संपवलेली क्वार्टर सकाळी सहा ते नऊपर्यंत रक्तात असते. सकाळच्या "निडॅझोल" गोळीआधी हे लक्षात घ्यावे आणि डॉक्टरांना फोन करून डोस कधी घ्यायचा ते विचारावे. स्वतःच्या मनाने कोर्स बंद करू नये, आणि चुकलेला डोस भरून काढायला दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

रोज पिणाऱ्यांसाठी वेगळी सूचना

जो माणूस कित्येक वर्षे रोज, भरपूर पितो, त्याला "गोळ्या आहेत, आजपासून बंद" असे घरच्यांनी परस्पर सांगणे धोक्याचे ठरू शकते. अचानक बंद केल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत हात थरथरणे, घाम, बेचैनी आणि फिट येणे, आणि दोन ते चार दिवसांत भास होऊन भ्रमिष्टासारखे वागणे असा क्रम लागू शकतो. त्याला वेळीच उपचार मिळाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या रुग्णांच्या बाबतीत हे अनेकदा घडते, कारण दाखल करताना नातेवाइकांनी लाजेखातर "नाही, पीत नाहीत" असे लिहून दिलेले असते. डॉक्टरांना किती, काय आणि शेवटची कधी घेतली हे खरे सांगावे, म्हणजे त्यांना दारू सुटताना होणारा त्रास रोखणारी औषधे आधीच सुरू करता येतात.

जे व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिराम घेत आहेत, किंवा ज्यांना ते घरच्यांनी न सांगता जेवणातून दिले जात आहे (हा प्रकार आपल्याकडे होतो, आणि तो जिवाशी खेळ आहे), त्यांना मेट्रोनिडॅझोल देऊ नये. दोन्ही एकत्र आल्यास दारूचा थेंबही न घेता भ्रम आणि मानसिक गोंधळ उद्भवू शकतो. शेवटच्या डायसल्फिराम गोळीपासून दोन आठवडे उलटल्याशिवाय मेट्रोनिडॅझोल सुरू होत नाही, म्हणून दाढदुखीसाठी दंतवैद्याकडे गेलात तरी डायसल्फिराम चालू असल्याचे किंवा नुकतेच थांबवल्याचे त्यांना आधी सांगावे.